डस्ट फिल्टर लावल्यावर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधलं तापमान वाढलं, तर फिल्टर काढून टाकावा का?

काढू नका, फिल्टर ठेवा आणि हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, जसे पुढे १२० मिमीचे दोन आणि मागे एक. मग आतला दाब किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेरच जाते. उलट झालं तर त्याच फटींतून न गाळलेली धूळ आत शिरते. फिल्टर हवा अडवतो, म्हणून पुढचे पंखे जास्त स्टॅटिक प्रेशरचे, म्हणजे अडथळा असला तरी हवा जोराने ओढणारे, घ्या. पण नुसती संख्या मोजून भागत नाही: फिल्टर तुंबला की पुढचे दोन पंखे मागच्या एकट्यापुढेही कमी पडू शकतात. मागच्या रिकाम्या (कार्ड न बसवलेल्या) स्लॉटच्या जाळीजवळ टिश्यूची पातळ पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर आधी फिल्टर साफ करा, तरीही ओढली गेली तर मागच्या पंख्याचा वेग कमी करा. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्यावरच बसवा.