गोठ्याचा स्टुडिओ करण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जुन्या गोठ्यात चित्रं काढायला स्टुडिओ करायचा म्हणतेस, त्याचे फोटो पाहिले. जांभ्याच्या भिंती सरळ आहेत, आढं वाकलेलं नाही. गोठा वापरण्याजोगा आहे. रंग, फळ्या, टांगते दिवे ही तुझी यादी मात्र तूर्त बाजूला ठेव. आधी काकांशी बोल. सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघ आणि लेखी संमती घे. पडक्या गोठ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण त्याला काच लागली की सगळ्यांना आपला हिस्सा आठवतो.

मग पाणी. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे पैसे आधी छपरावर घाल. कुजलेले वासे आणि रिपा बदल, वाळवी लागली आहे का ते टोचून बघ. पागोळ्या जोत्यापासून लांब पडल्या पाहिजेत. मागच्या बांधाचं पाणी भिंतीला लागत असेल तर तिथे चर काढ.

गोठ्याची खरी गोम जमिनीत असते. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरून भिंतीच्या तळाशी क्षार साठतात आणि ओल सुकताना पांढरे फुलून येतात. त्यालाच लोणा लागला म्हणतात. तो पाण्याने धुऊ नकोस, विरघळून पुन्हा आत शिरेल. कोरड्या ब्रशने झाडून काढ. गवंडी हमखास म्हणेल, ‘सिमेंटचा गिलावा मारू, बघायला नको.’ ऐकू नकोस. सिमेंटमागे ओल कोंडते, वर चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात. चुन्याच्या गिलाव्यातून भिंत सुकत राहते. जमिनीची वीतभर माती खणून काढ, खडी भर आणि मग कोबा कर. ती माती टाकू नकोस, बागेला उत्तम.

उजेडासाठी उत्तरेच्या उतारावर काचेची कौलं बसव. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, हे तुला शिकवलंच आहे. पण तो नियम युरोपातल्या चित्रकारांकडून आलेला. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य भर दुपारीही उत्तरेकडे असतो, म्हणजे ऊन थेट आत येतं. जूनपासून ढग सांभाळून घेतात. मे महिन्यात मात्र कौलांखाली पातळ मांजरपाट ताण. भिंती फिक्या राखाडी ठेव. गडद रंग दिलास तर त्याची झाक कॅनव्हासवर उतरेल आणि दोष तू स्वतःच्या रंगमिश्रणाला देशील.

दाराची उंची मोजलीस का? गुरांना पुरेल एवढंच असतं ते. फ्रेंच चित्रकार सेझाननं १९०२च्या सुमारास फ्रान्समधल्या एक्स या गावी स्टुडिओ बांधून घेतला, तेव्हा मोठे कॅनव्हास बाहेर काढायला भिंतीत उंच, अरुंद फट ठेवली. तुला एवढं करायला नको, दाराची चौकट वर घे म्हणजे झालं. गव्हाण फोडू नकोस. फ्रेम ठेवायला जमिनीपासून उंच जागा तुला आयती मिळाली आहे.

पावसाळ्यात कागद पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नकोस, मागे बुरशी धरते. आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकू नकोस. ती आपोआप तापून पेटू शकतात, आणि वर लाकडी छप्पर आहे. झाकणाच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवून ठेव. वायरिंग नवीन कर, अर्थिंगसकट. याबाबत काटकसर मला चालणार नाही.

सगळं एका उन्हाळ्यात उरकायची घाई नको. छप्पर आणि जमीन झाली की तिथे बसून चित्र काढायला लाग. फळ्या कुठे हव्यात ते काम करतानाच कळेल. शाकारणीची माणसं मात्र आत्ताच सांगून ठेव, मे महिन्यात पायधरणी केलीस तरी कोणी मिळायचं नाही.

तुझे
सर