दोघेही सारखेच दोषी असतील तर कोर्ट कुणाचं ऐकतं?

बेकायदा कामासाठी दिलेले पैसे समोरचा काम न करताच गिळून बसला, तर दावा लावून वसूल होतील का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही.

या तत्त्वाला 'इन पारी डेलिक्टो' म्हणतात. गुन्ह्यात दोघांचाही हात सारखाच असेल तर कोर्ट कुणालाच मदत करत नाही, आणि पैसे ज्याच्या खिशात आहेत त्याचं आपोआप फावतं. याचा मासलेवाईक नमुना म्हणजे १७२५ सालचा इंग्लंडमधला एव्हरेट विरुद्ध विल्यम्स हा खटला. दोघेही वाटमारी करणारे. लुटीच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हा एकाने चक्क भागीदारीच्या हिशोबाचा दावा ठोकला! दाव्यात लुटीचा शब्दही नाही; अमुक ठिकाणी काही सद्गृहस्थांशी घड्याळं-अंगठ्यांचा 'व्यवहार' केला, अशी साळसूद भाषा. कोर्टाने दावा फेटाळलाच, वर वकिलांनाही दंड केला.

"मग लबाडाला बक्षीसच की!" हा तुमचा आक्षेप खराच आहे. १७७५ मधल्या एका खटल्यात इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीही तो मान्य केला होता: प्रतिवादीला फायदा होतो तो योगायोगाने, त्याच्यासाठी हा नियम नाही. गंमत म्हणजे त्याच खटल्यात त्यांनी वादीला पैसे मिळवून दिले. त्याने फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये चहा विकला होता. घेणारा तो चोरून इंग्लंडात नेणार हे त्याला ठाऊक होतं, पण त्या तस्करीत त्याचा हात नव्हता.

म्हणून माझ्या मते खरी लढाई 'सारखेच' या मुद्द्यावर असते. तुम्हाला धमकावून किंवा फसवून यात ओढलं असेल, किंवा तो कायदाच तुमच्यासारख्यांच्या संरक्षणासाठी असेल (कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त व्याज भरणारा कर्जदार घ्या), तर दोष सारखा धरत नाहीत. बेत तडीस जाण्याआधीच अंग काढून घेतलं असेल तरी आशा असते. २०१६ च्या पटेल विरुद्ध मिर्झा खटल्यात कंपनीच्या आतल्या गोटातल्या माहितीवर शेअरचा बेकायदा सट्टा लावायला ६ लाख २० हजार पौंड दिले होते. ती माहिती आलीच नाही, सट्टाही लागला नाही, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पैसे परत करायला लावले. मात्र हा त्यांच्याकडचा निकाल. सगळ्या देशांतली कोर्टं इतकी सैल नाहीत.

आणखी एक, दाव्यात पैसे कशासाठी दिले हे लिहावंच लागतं, म्हणजे स्वतःच्या सहीने कबुली. तेव्हा आधी फौजदारी वकिलाला गाठा, वसुलीचं नंतर बघू.