वाचकांचे प्रश्न : जपानी भुताची कादंबरी लिहिताना

प्रश्न : जपानी भूतकथांवर आधारलेली एक भयकादंबरी मी पंधरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहीत आहे. पांढरा किमोनो, मोकळे लांब केस, ओली पावले हे सारे तिच्यात आहे. तरीही ज्या मुलांना हस्तलिखित वाचायला दिले, त्यांना भीती वाटली नाही. काय कमी पडत असावे?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या साऱ्या गोष्टी भुताच्या बाह्यरूपाच्या आहेत आणि नुसत्या रूपाची भीती दोन-तीन प्रकरणांत ओसरते. (एदो काळातील, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील, जपानी चित्रांमधली भुते बहुधा पायांविना असतात, तेव्हा ओल्या पावलांचाही पुन्हा विचार करावा.) या कथांतील खरी भीती अन्यायातून येते, म्हणून ओकिकूची कथा नीट पाहावी. तिच्या एका प्रसिद्ध रूपात ती सामुराईच्या घरची मोलकरीण आहे. मालकाला तिने नकार दिल्यावर तो दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक लपवतो, चोरीचा आळ तिच्यावर घेतो, आणि शेवटी तिचे प्रेत विहिरीत पडते. त्यानंतर रोज रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजल्याचा आवाज येतो आणि पुढे किंकाळी. हिमेजीच्या किल्ल्यात तिच्या नावाची विहीर आजही दाखवतात. वाचकाला नऊनंतर काय होणार हे ठाऊक असते आणि तरीही तो तिच्याबरोबर मोजू लागतो. ही भीती कोणत्याही वर्णनाने निर्माण होणारी नाही.

म्हणून भूत लिहिण्याआधी ती जिवंत मुलगी लिहा: ती कोणाला घाबरत होती, तिच्यावर आळ आला तेव्हा घरातले कोण पाहत होते आणि कोण गप्प राहिले. काही कथांत कोणीतरी नऊनंतर मोठ्याने ‘दहा’ म्हणते आणि ती शांत होते. शेवटासाठी हा प्रसंग मोहात पाडणारा आहे, पण त्यात मालकाचा अपराध तसाच राहतो. त्यामुळे तो कादंबरीच्या मध्यावर आणून ती शांतता पुढे मोडावी, असे मला वाटते.

१८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रंगमंचावर आलेल्या काबुकी नाटकातील ओइवा याहून कठोर आहे. विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो, केस विंचरताना ते झुपक्यांनी गळतात, आणि मरणानंतर तिच्या भासामुळे तिचा दगाबाज नवरा आपल्या नव्या वधूलाच ठार करतो. सूड अपराध्यापाशी थांबत नाही, हा प्रश्न तुमच्या वयोगटातील वाचकाला सर्वांत अधिक छळेल. तो नायिकेपुढे स्पष्टपणे ठेवा आणि त्याचे उत्तर तिच्या तोंडी घाईने घालू नका.

प्रश्न : जुन्या कथा न घेता शाळेतले भूत घेतले तर?

उत्तर : अवश्य घ्यावे. तिसऱ्या मजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहातील तिसऱ्या दारावर तीनदा टकटक करून हाक मारली की ओ देणारी हानाको, किंवा १९७९ साली शाळकरी मुलांच्या तोंडून जपानभर पसरलेली फाटक्या तोंडाची स्त्री, या मुलांनी मुलांना सांगितलेल्या कथा आहेत. त्यांचे नियम मोजके असतात, ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाका. नंतर तुमच्या पात्रांपैकी एकाने, मैत्रिणीसमोर भित्रे ठरू नये म्हणून, त्यातला एक मुद्दाम मोडावा.