पहिला ट्रीमॅप काढताय?

ट्रीमॅप म्हणजे चौकोनांत चौकोन बसवून काढलेला तक्ता: ज्याचा आकडा मोठा, त्याचा चौकोन मोठा. पहिला ट्रीमॅप स्वतःच्या हार्ड डिस्कचा काढा. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांना १९९० मध्ये ही कल्पना सुचली तीही भरलेल्या डिस्कमुळेच, आणि ती होती जेमतेम ८० एमबीची! कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली ते चौकोन पाहताच कळतं.

तूर्त एवढं सांभाळा:

- दोनच पातळ्या दाखवा: फोल्डर आणि त्याच्या आतले फोल्डर. पाच कोंबल्या की नुसती गोधडी होते.
- क्षेत्रफळाला बेरीज होणारीच संख्या द्या. सरासरी किंवा तोटा चालत नाही. उणे दहाचा चौकोन काढणार कसा? हा घोळ मीही घातलाय. तोटा रंगाने दाखवा.
- मांडणी ‘स्क्वेरिफाइड’, म्हणजे चौकोन शक्यतो चौरसाच्या जवळ जाणारे, अशी ठेवा, नाहीतर लांबट पट्ट्या मिळतील.

जवळपास सारख्या चौकोनांत डोळा फसतो. तिथे सरळ बार चार्ट काढा.