डिपॉझिट भरण्याआधी एवढं कर

सप्रेम आशीर्वाद,

तू पाठवलेलं अमेरिकेतल्या कॉलेजचं मास्टर्सचं ऑफर लेटर दोनदा वाचलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘फुल्ली ॲक्रेडिटेड’ लिहिलंय, पण मान्यता कोणाची ते कुठेच नाही. एजंट तुला सांगतोय, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) मिळतोय म्हणजे कॉलेज चांगलंच असणार. तसं नसतं गं. परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी इमिग्रेशनवाले देतात. शिक्षणाची मान्यता ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे यूजीसी आहे, नॅक आहे. अमेरिकेत सरकार स्वतः कॉलेजांना मान्यता देत नाही. १८८५ साली न्यू इंग्लंडमधल्या शाळा-कॉलेजांच्या लोकांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, आणि पुढच्या काही दशकांत इतर भागांतही तशाच संघटना उभ्या राहिल्या. त्यांतूनच आजची मंडळं आली: शिकागोचं हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स, सदर्न, नॉर्थवेस्ट वगैरे. केंद्राचं शिक्षण खातं फक्त या मंडळांना ओळख देतं. सरकारी कर्ज आणि मदत मात्र अशा मंडळाने मान्य केलेल्या कॉलेजातल्या मुलांनाच मिळते, म्हणून त्यांच्या शब्दाला एवढं वजन.

मी इथे अमेरिकेत एका लहान कॉलेजात ‘सेल्फ-स्टडी’चं काम केलंय. आपलं कॉलेज कुठे उभं आहे, याचा जाडजूड अहवाल कॉलेजनेच लिहायचा. दीड वर्ष गेलं त्यात. मग पाहणीला टीम आली. त्यात सरकारी अधिकारी नव्हते, दुसऱ्या कॉलेजांतलेच प्राध्यापक, हिशेब पाहणारे, एक ग्रंथपाल. आम्ही फायली नीट रचून ठेवल्या होत्या. त्या ग्रंथपालबाईंनी त्या बाजूला सारल्या, संख्याशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा उघडला आणि विचारलं, “मुलं या प्रश्नाला अडली. मग पुढच्या वर्षी तुम्ही शिकवण्यात काय बदललंत?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. मान्यता टिकली, पण या एका मुद्द्यावर वेगळा अहवाल द्यावा लागला. तो लिहिताना आमचा अभ्यासक्रम खरोखर सुधारला. या पद्धतीवर माझा विश्वास बसला तो तिथे.

मान्यता कायमची नसते. साधारण दहा वर्षांच्या आत पुन्हा सगळं तपासलं जातं, मधे ‘वॉर्निंग’ किंवा ‘प्रोबेशन’ येऊ शकतं. आणि मान्यता म्हणजे रँकिंग नव्हे. किमान दर्जा आहे, एवढंच ती सांगते.

२०२० पासून सरकारी नियमांत ‘रीजनल’ (ठरावीक भागापुरतं) आणि ‘नॅशनल’ (देशभरचं) मंडळ हा भेद उरलेला नाही, मंडळांना आपल्या भागाबाहेरही काम करता येतं. तरी क्रेडिट ट्रान्सफर करताना कितीतरी कॉलेजं अजून विचारतातच, रीजनल आहे का. तुला पुढे पीएच.डी. करायचीय, तेव्हा हे लक्षात ठेव. एबेट ही अभ्यासक्रमाची वेगळी मान्यता नाही म्हणून मात्र घाबरू नकोस, ती मुख्यतः बॅचलर्सच्या इंजिनिअरिंगसाठी असते.

सगळ्यात जास्त काळजी मला एच-१बीची, म्हणजे शिक्षणानंतरच्या नोकरीच्या व्हिसाची वाटते. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी ज्या २०,००० वेगळ्या जागा असतात, त्यासाठी कॉलेज सरकारी किंवा ना-नफा हवं आणि पदवी मिळाली त्या वेळी ते मान्यताप्राप्त हवं. ‘मान्यता लवकरच मिळेल’ यावर विसंबून दोन वर्षं घालवू नकोस. २०११ साली कॅलिफोर्नियात ट्राय-व्हॅली विद्यापीठावर व्हिसाच्या घोटाळ्यावरून छापा पडला, तेव्हा आय-२० सगळ्यांकडे होते. त्यातल्या काही भारतीय मुलांच्या पायाला रेडिओ टॅग बांधले गेले. त्यांच्या आईवडिलांनीही कर्ज काढूनच पाठवलं होतं.

आज रात्री शिक्षण खात्याच्या ‘डॅपिप’ या मान्यताप्राप्त कॉलेजांच्या ऑनलाइन यादीत कॉलेजचं नाव टाक. नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ, सारखी नावं फार फसवतात. पत्ता तुझ्याच कॅम्पसचा आहे का, मंडळ कोणतं, आजची स्थिती काय, तेही बघ. मग त्या मंडळाच्या साइटवर जाऊन तेच पुन्हा ताडून पाहा. सापडलं नाही तर कॉलेजच्या रजिस्ट्रारला सरळ मेल कर, एजंटला मधे घेऊ नकोस. उत्तर आलं की मला पाठव. तोवर बाबांना सांग, डिपॉझिट भरायचं नाही.

तुझी,
मावशी