चार कोअर असूनही डेडलाइन का चुकते?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या यंत्राचे नियंत्रण आता चार कोअरच्या (एकाच वेळी चार कामे करू शकणाऱ्या) संगणकावर, लिनक्सच्या डेडलाइन शेड्युलरखाली, म्हणजे मुदत पाहून कामांचा क्रम लावणाऱ्या व्यवस्थेखाली चालते. सेन्सरच्या इशाऱ्यावर चालणारी चार कामे आहेत; प्रत्येकाला ३ मिलिसेकंद लागतात आणि मुदत २० मिलिसेकंदांची असते. पाचवे काम कॅमेऱ्याचे चित्र तपासण्याचे. त्याला २० मिलिसेकंद लागतात आणि मुदत २२ ची. संगणक निम्म्याहून अधिक रिकामा असताना हे पाचवे काम अधूनमधून उशिरा का संपते?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या पाच कामांचा एकत्रित भार (प्रत्येकाला लागणारा वेळ भागिले मुदत, यांची बेरीज) दीड कोअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ३८ टक्के आहे, हे खरे. कोअर, म्हणजे प्रोसेसर, एकच असता, तर अशी नुसती बेरीज पाहणे पुरले असते. भार शंभर टक्क्यांच्या आत असेल, तर ‘ज्याची मुदत आधी, त्याचा नंबर आधी’ या नियमाने आपल्यासारख्या आवर्ती कामांची मुदत चुकत नाही, हे लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवले. अनेक प्रोसेसरवर मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

ठाणे स्थानकातील तिकिटांच्या चार खिडक्या डोळ्यांसमोर आणा. चौघे किरकोळ कामाचे प्रवासी एकदम आले आणि चारही खिडक्या अडवून बसले, तर मोठ्या कामाचा पाचवा माणूस खोळंबतो. पुढे तीन खिडक्या ओस पडल्या, तरी त्याचे एकच काम तीन खिडक्यांवर वाटून देता येत नाही. आपल्याकडे चारही सेन्सर आणि कॅमेरा एकाच क्षणी जागे झाले, की २० ची मुदत असलेली कामे चारही कोअर घेतात, कॅमेऱ्याचे काम तिसऱ्या मिलिसेकंदाला सुरू होते आणि २३ व्याला संपते. सेन्सर तीनच जागे झाले, तर काहीच बिघडत नाही. म्हणूनच ही चूक क्वचित दिसते आणि चाचणीत सापडत नाही. ढल्ल आणि लिऊ यांनी १९७८ मध्ये हा दोष मांडला होता.

यावर सोपा उपाय असा, की कॅमेऱ्याच्या कामाला एक कोअर राखून ठेवावा. लिनक्समध्ये डेडलाइनचे काम साध्या अॅफिनिटीने (काम कोणत्या कोअरवर चालावे हे ठरवणाऱ्या सेटिंगने) एका कोअरला बांधता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र सीपीयूसेट, म्हणजे कोअरचा वेगळा गट, करावा लागतो. उरलेली चार कामे तर एका कोअरवरही मावतील, कारण २० मिलिसेकंदांत त्यांना १२ च लागतात. अशी वाटणी नेहमीच जमते असे नाही. दर ३ मिलिसेकंदांत २ मागणारी तीन कामे दोन कोअरवर वाटता येत नाहीत, त्यातले एक अर्ध्यावर दुसऱ्या कोअरवर हलवावेच लागते.

मात्र कोअर वेगळे केले, तरी मेमरीची वाट सामाईकच राहते, त्यामुळे बाकीचे कोअर कामात असले, की काम लांबू शकते. कॅमेऱ्याच्या कामाला फक्त २ मिलिसेकंदांची सवड आहे, तेव्हा ते २० मिलिसेकंद बाकीचे कोअर कामात असताना मोजलेले आहेत ना, हे आधी पाहावे.