नकाशाच्या आधी गल्ली

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नगररचनेच्या अभ्यासाची सुरुवात कोणापासून करावी, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर पॅट्रिक गेडिस हे आहे.

१८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेल्यामुळे त्यांचे सूक्ष्मदर्शकावरचे काम सुटले. पुढे पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबराच्या दाटीवाटीच्या जुन्या भागात राहायला गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून तिथल्या घरांची डागडुजी करू लागले. मला हे फार मोलाचे वाटते. ज्या वस्तीविषयी बोलायचे, त्या वस्तीत ते आधी राहिले.

१९१४ साली ते भारतात आले, तेव्हा प्लेगच्या साथीनंतर स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसह अनेक संस्था दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढण्यालाच सुधारणा मानत होत्या. गेडिस यांची रीत वैद्याची होती: आधी निदान, मग उपचार. गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, अगदीच मोडकळीला आलेले घर तेवढे काढून जागा मोकळी करावी, झाडे व देवळे राखावीत, आणि कमीत कमी माणसांना घर सोडावे लागेल असा मार्ग शोधावा. इंदूरमध्ये तर त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग सर्वांत स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून नेण्याचे जाहीर करून सारे शहर सफाईला लावले. त्यांच्या अनेक अहवालांची अंमलबजावणी झाली नाही, याची मात्र खंत वाटते.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या मुंबईतील त्याच वर्षांत बीडीडी चाळींचे, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याच्या चाळींचे, बांधकामही सुरू झाले. आज त्या चाळी पाडून उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत, आणि तुझ्या पिढीला अशा पुनर्विकासावर सतत मत द्यावे लागेल. म्हणून चटई क्षेत्र निर्देशांकाचे, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे, गणित मांडण्यापूर्वी वरळी किंवा नायगावच्या बीडीडी चाळींत जा. सामाईक गॅलरीत दिवसभर काय काय चालते, म्हातारी माणसे कुठे बसतात, घरात बसून कोण कोणता व्यवसाय करते, हे रहिवाशांना विचारून लिहून घे, आणि नव्या आराखड्यात त्यातले काय उरते ते एकेक करून तपास. ती टिपणे मला पाठव. आपण ती एकत्र बसून वाचू.

तुझा हितचिंतक